इल्सेनबुर्गला जाणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

तुमचं नाव मी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाहीत. म्हणून हे पत्र असं सर्वांसमोर लिहिते आहे. मागच्या वर्षीचा मे महिना, शनिवार, बर्लिनहून हार्झ डोंगराकडे निघालेली सकाळची गाडी. निळी सॅक पायांशी धरून बसलेली, केस पिकलेली भारतीय बाई तुम्हाला आठवत असेल, तर ती मी. हाल्बरश्टाट सुटलं, थोडा वेळ गेला, आणि तुम्ही माझ्या हातातल्या बुकिंगच्या कागदावर बोट ठेवलंत. कागदावर क्वेडलिनबुर्ग लिहिलं होतं. तुम्ही सावकाश मान हलवलीत.

ती गाडी हाल्बरश्टाटला दोन भागांत तुटते, हे मला माहीत नव्हतं. एक भाग क्वेडलिनबुर्गवरून टालेला जातो, दुसरा वेर्निगेरोडेवरून गोस्लारला. बर्लिनला बसतानाच डबा पाहून बसायचं असतं. मी गोस्लारच्या भागात बसले होते. उद्घोषणा झाली तेव्हा त्यातलं गावाचं नाव तेवढं कळलं होतं.

तुम्हाला तेव्हा सांगता आलं नाही ते आज सांगते. माझे वडील इगतपुरीला पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागायची, ती घाट चढवून द्यायची आणि इगतपुरीला सुटी व्हायची. कपलिंग, सांधे, शंटिंग, हे आमच्या घरात जेवताना बोलायचे शब्द. अशा घरातली मी, आणि परमुलखात माझीच गाडी माझ्या नकळत तुटली. पोटात गोळा आला होता. हॉस्टेलचं आरक्षण त्या रात्रीचं, मोबाईलची बॅटरी अर्ध्यावर, आणि बाहेर पिवळीधमक मोहरीसारखी शेतं उलट्या दिशेला पळताहेत असं वाटत होतं.

पुढच्या स्टेशनला उतरा, एवढं सांगून तुम्ही पेपरात डोकं घालू शकला असता. तेवढंही माझ्यासाठी पुष्कळ होतं. तुम्ही मात्र तुमची कापडी पिशवी उचललीत, टोपी घातलीत आणि वेर्निगेरोडेला माझ्याबरोबर खाली उतरलात. तुम्हाला जायचं होतं इल्सेनबुर्गला, म्हणजे त्याच गाडीनं आणखी पुढे. हे मला गाडी निघून गेल्यावर कळलं. मी हातवारे करून विचारलं, तर तुम्ही गाडी गेली त्या दिशेला बोट दाखवलंत आणि खांदे उडवलेत.

परतीच्या गाडीला वेळ होता. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. शाळेत रशियन शिकलो, असं तुम्ही मोबाईलवर टाइप करून दाखवलंत. तुमच्या पिढीला पूर्वेकडच्या शाळांत तीच भाषा होती, हे मला नंतर समजलं. मग आपण बाकावर बसून एक-एक वाक्य टाइप करत बोललो. आणि कंटाळा आला तेव्हा तुम्ही पिशवीतून बेकरीची कागदी पुडी काढलीत, पाव माझ्या हातात ठेवलात, पुडी उसवून गुडघ्यावर सपाट केलीत आणि खिशातून पेन्सिलीचा बोटभर तुकडा काढलात.

काका, ती पुडी माझ्यासमोर आहे. खसखशीचे चार दाणे अजून तिच्या घडीत अडकलेले आहेत. वरच्या बाजूला तुम्ही एक लांब रेघ ओढलीत: हाल्बरश्टाट, वेर्निगेरोडे, इल्सेनबुर्ग. इल्सेनबुर्गच्या पुढे एक जाड आडवी फुली. मग स्वतःकडे बोट करून मोबाईलवर लिहिलंत की तुमची नोकरी सिग्नलच्या केबिनमध्ये गेली, आणि त्यातल्या बहुतेक वर्षांत गाडी इथपर्यंतच जायची. पुढे पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधली सीमा होती. फुलीच्या बाजूला तुम्ही १९९६ हा आकडा लिहिलात आणि रेघ गोस्लारपर्यंत नेलीत. भिंत पडली १९८९ मध्ये, पण हा तुटलेला रूळ जोडून गाड्या पलीकडे जायला आणखी इतकी वर्षं लागली, हे कुठल्या पुस्तकापेक्षा त्या पेन्सिलीच्या रेघेनं मला नीट समजावलं. ती रेघ ओढताना तुमचा हात एकदा थांबला होता. मी पाहिलं होतं.

मग तुम्ही मला शेजारच्या छोट्या गाडीच्या स्टेशनात नेलंत. ब्रोकेन शिखराकडे जाणारं कोळशाचं इंजिन तिथे उभं होतं. रूळ पाहिले आणि मी खाली बसून वीत लावली. मीटरगेज, दोन रुळांत एक मीटर अंतर! माझं आजोळ मनमाड. तिथून औरंगाबादकडे जाणारी गाडी माझ्या लहानपणी याच मापाच्या रुळांवरून जायची, आणि मामा आम्हाला इंजिन पाहायला न्यायचा. तोच ओल्या कोळशाचा, तापलेल्या तेलाचा वास. आमच्याकडची ती वाट १९९० नंतर रुंद झाली. तुमच्याकडे हार्झमध्ये १४० किलोमीटरचं जाळं अजून याच रुळांवर चालतंय. माझे डोळे भरून आले ते धुरानं नव्हे. तुम्ही काही विचारलं नाहीत, रुमाल पुढे केलात आणि इंजिनाकडे पाहत उभे राहिलात.

तुमचं खरं काम त्यानंतरचं. माझा बेत मी तुम्हाला दाखवला: क्वेडलिनबुर्ग, मग वेगवान गाडीनं थेट म्यूनिक. तुम्ही म्यूनिकवर काट मारली नाहीत, पण पेन्सिल तिथे नेलीच नाहीत. पुडीच्या मागच्या बाजूला तुम्ही छोट्या गाड्यांचा रस्ता लिहायला घेतलात. हाले, नाउमबुर्ग, जालफेल्ड, बाम्बेर्ग, न्यूर्नबर्ग, श्टायनाख, रोटेनबुर्ग. जिथे गाडी बदलायची त्या नावाखाली दोन रेघा आणि किती मिनिटं हातात आहेत तो आकडा. पाच मिनिटांपेक्षा कमी असेल तिथे चौकट, म्हणजे ती गाडी सोडायची आणि पुढची धरायची. रविवारासमोर तुम्ही पावाचं चित्र काढून त्यावर काट मारलीत, कारण रविवारी दुकानं बंद असतात आणि खायचं शनिवारीच घेऊन ठेवायचं. बायर्नच्या, म्हणजे बव्हेरियाच्या, दिवसभराच्या तिकिटासमोर ९ हा आकडा दोनदा गोल केलात, कारण कामाच्या दिवशी ते सकाळी नऊच्या आधी चालत नाही. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, मला दोनदा म्हणायला लावलेला शब्द: त्सुगटायलुंग. गाडीची फाटाफूट. त्यानंतरच्या प्रत्येक स्टेशनावर मी फलकावर आधी तो शब्द शोधला आणि डब्यावरचं गावाचं नाव वाचल्याशिवाय पाऊल आत ठेवलं नाही.

पुडीच्या कोपऱ्यात तुम्ही एक घरही काढलंत. उभे खांब, आडव्या तुळया, मध्ये तिरपे टेकू. एका चौकोनावर पेन्सिल आपटून म्हणालात, "फाख." मला वाटलं तुम्ही खिडकी दाखवताय. अर्थ लागला तो दुसऱ्या दिवशी क्वेडलिनबुर्गच्या वोर्डगासे या बोळात, चौदाव्या शतकाच्या मध्याला बांधलेल्या त्या लाकडी घरासमोर. १३४६-४७ च्या सुमाराचं घर आहे ते. आमच्याकडे तेव्हा बहमनी राज्य नुकतं उभं राहत होतं. त्याच्या भिंतीत लाकडाचा सांगाडा आहे, आणि सांगाड्याच्या प्रत्येक चौकोनात काड्या, माती, पेंढा लिंपलेला. कोकणात आमच्या आजीच्या घराच्या कुडाच्या भिंती अशाच होत्या. आणि तो चौकोन म्हणजे आमचा खण! आम्ही वाडा मोजतो तो खणांत, पाच खणी, सात खणी. तुमचं फाखवेर्क म्हणजे आमच्या भाषेत खणांचं काम. तिथे उभी राहून मी मोठ्यानं "फाख, फाख" म्हणाले.

क्वेडलिनबुर्गबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. टेकडीवरच्या चर्चच्या तळघरात जुना जर्मन राजा हाइनरिख याच्या दफनाची जागा पाहिली. तो ९३६ मध्ये गेला आणि त्याची राणी माटिल्डा त्याच्याशेजारी आहे. पण माझे पाय सारखे गल्ल्यांकडे ओढत होते. ज्या गल्ल्या पैशाअभावी कोसळत चालल्या होत्या आणि काही पाडायचंही ठरत होतं, त्याच आज जगाच्या वारसायादीत आहेत, १९९४ पासून. हाल्बरश्टाटचं तसं नशीब नव्हतं. ८ एप्रिल १९४५ च्या बाँबफेकीत त्या गावाचा बहुतेक जुना भाग जळून गेला. तुमची आई त्या दिवशी तिथे होती, असं तुम्ही टाइप केलं होतंत आणि लगेच पुसून टाकलं होतंत. मी ते वाचलं होतं, काका. क्वेडलिनबुर्गमध्ये एकेका खांबाला हात लावताना मला तीच ओळ आठवत होती.

नाउमबुर्गला कॅथीड्रलमध्ये उटाचा पुतळा पाहिला. तेराव्या शतकातला दगड, पण अंगरख्याची कॉलर हातानं वर ओढून धरलेली, जणू आत्ताच गार वारा सुटलाय. अर्धा तास बसले होते तिच्यासमोर.

आणि मग जालफेल्डच्या पुढे तुम्ही लिहिलेला तो छोटा बाण, वर जाणारा. त्याचा अर्थ मला प्रोब्स्टत्सेला मागे पडल्यावर लागला. तेही एके काळचं सीमेवरचं स्टेशन. तिथून गाडी फ्रांकेनवाल्डचा घाट चढू लागते, आणि या घाटात मालगाड्यांना मागून इंजिन लावून ढकलतात. बँकर! श्टाइनबाख आम वाल्डला माथा आला आणि उतार लागला, तशी मी खिडकीला कपाळ टेकवलं. वडील असते तर त्यांनी घड्याळ काढून चढाचा वेळ लावला असता. हा बाण तुम्ही मुद्दाम काढला होता का? वडील इगतपुरीला होते, घाटात इंजिनं मागे लागतात, एवढंच मी मोडकंतोडकं टाइप केलं होतं. मला वाटतं, तुम्ही ते लक्षात ठेवलंत आणि त्यासाठीच मला या वाटेनं पाठवलंत.

बाम्बेर्गचा नदीतल्या पुलावरचा जुना टाउन हॉल, न्यूर्नबर्गच्या किल्ल्यातलं यूथ हॉस्टेल, तिथल्या रेल्वे संग्रहालयातली आडलर या पहिल्या गाडीच्या इंजिनाची प्रतिकृती, सगळं पाहिलं. ७ डिसेंबर १८३५ ला न्यूर्नबर्गहून फ्युर्थला धावलेली तुमची पहिली गाडी सहा किलोमीटर गेली होती. आमची मुंबई-ठाणे त्यानंतर सतरा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ ला.

रोटेनबुर्गसमोर तुम्ही लिहिलं होतंत "आबेंड्स", संध्याकाळी. मी तुमचं ऐकलं. श्टायनाखला गाडी बदलून, पाव तासाची ती छोटी फेरी करून उतरले तेव्हा बसमधून आलेले लोक परत निघाले होते. तटावरच्या छपराखालच्या वाटेवर मी जवळजवळ एकटी होते. भिंतीत जागोजागी दगडांवर नावं कोरलेली आहेत, जगभरातल्या माणसांची. ३१ मार्च १९४५ ला बाँब पडून गावाचा मोठा भाग आणि या तटाचा लांब तुकडा कोसळला, आणि पुढे ज्यांनी तो बांधायला पैसे दिले त्यांची ती नावं. एकेक हात भिंत एकेका माणसानं उभी केलेली. मी अंधार पडेपर्यंत नावं वाचत फिरले. तुमचं नाव मला माहीत नव्हतं, याची हुरहुर तिथे फार झाली.

वेर्निगेरोडेला माझी गाडी आली तेव्हा मी तुम्हाला पावाचे पैसे द्यायला गेले आणि तुम्ही हात मागे घेतलात. मग सॅकमधली शेंगदाण्याची चिक्की काढून दिली, ती घेतलीत. "चिक्की," मी म्हणाले. "चिक्की," तुम्ही अगदी बरोबर म्हणालात. मग पेन्सिल माझ्या हातात देऊन खूण केलीत की तुमच्या गावाचं नाव माझ्या अक्षरांत लिही. मी पुडीचा कोपरा फाडून लिहिलं: इल्सेनबुर्ग. वरची रेघ ओढली तेव्हा तुम्ही हसलात, आपली रुळाची रेघ दाखवलीत, आणि तो तुकडा टोपीच्या आतल्या पट्टीत खोचलात. म्हणून हे पत्र मराठीत. ही अक्षरं तुमच्या ओळखीची आहेत.

माग्डेबुर्गच्या विद्यापीठात पुष्कळ भारतीय मुलं शिकतात. शनिवार-रविवारी त्यांतली काही हार्झमध्ये फिरायला जात असणार, आणि त्यांत कोणीतरी मराठी असेलच. बाळांनो, इल्सेनबुर्गच्या बाजूला जाणाऱ्या गाडीत टोपी घातलेले, कापडी पिशवीवाले, सत्तरीपुढचे एक काका भेटले आणि टोपीच्या पट्टीत देवनागरीचा एक तुकडा दिसला, तर त्यांना हे पत्र वाचून दाखवा. जर्मनमध्ये सांगा, पण आधी एकदा मराठीतच वाचा. त्यांना ऐकायला आवडेल. जमलं तर त्यांचं नाव विचारून घ्या, आणि चिक्की न्या.

काका, परतीच्या गाडीत मी चढले तेव्हा तुमची इल्सेनबुर्गची गाडी यायची होती. तुम्ही फलाटावर उभे राहून, केबिनवाले गाडीला दाखवतात तसा हात आडवा धरून हलवलात. माझे वडील तसाच हलवायचे.

तुमची,
वेर्निगेरोडेला उतरलेली, इगतपुरीच्या पॉइंट्समनची मुलगी
नाशिक