ग्रहांच्या क्ष-किरणांचे मूळ सूर्यातच

महोदय,

अमुक ग्रहावरून क्ष-किरण आले, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. ते का येतात, हे सांगायला मात्र दोन ओळींचीही जागा नसते. मग शुक्रावर किरणोत्सार आहे, असा समज करून घेऊन मुले प्रश्न विचारतात. आपल्या विज्ञान पुरवणीने हा विषय नीट मांडावा, म्हणून हे पत्र.

सूर्याच्या प्रभामंडळाचे, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या विरळ वातावरणाचे, तापमान दहा लाख अंशांच्या पुढे असते; तिथून क्ष-किरण निघतात. शुक्राकडे गेलेले हे किरण जमिनीपासून १२० ते १४० किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेत अडतात. तिथल्या ऑक्सिजन किंवा कार्बनच्या अणूतला सर्वांत आतला इलेक्ट्रॉन ते उडवून लावतात. रिकामी जागा भरायला वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन खाली येतो आणि त्या अणूच्या ठराविक ऊर्जेचा क्ष-किरण बाहेर पडतो. ऑक्सिजनच्या बाबतीत असे शंभरात जेमतेम एकदाच घडते, म्हणून हा उजेड फार मंद असतो. २००१ च्या जानेवारीत ‘चंद्रा’ या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीने तो पहिल्यांदा टिपला. त्या चित्रात शुक्राची सूर्याकडची कड जास्त उजळ दिसते, कारण कडेच्या बाजूला आपली नजर चमकणाऱ्या हवेच्या जाड थरातून जाते. डोळ्यांना दिसणारा शुक्र वेगळा. तो प्रकाश बराच खालच्या ढगांवरून परततो.

गुरू-शनीवर हायड्रोजन भरपूर. तिथले वातावरण सूर्याचे क्ष-किरण मुख्यतः विखरून परत पाठवते. (गुरूच्या ध्रुवांजवळचे क्ष-किरण ध्रुवीय प्रकाशातले, त्यांचे कारण निराळे.) २० जानेवारी २००४ रोजी सूर्यावर सौरज्वाला, म्हणजे ऊर्जेचा अचानक झालेला भडका, उसळली आणि ती पृथ्वीवरून दिसल्यानंतर सुमारे सव्वादोन तासांनी शनीही क्ष-किरणांत उजळला. सूर्याकडून शनीकडे आणि तिथून आपल्याकडे यायला प्रकाशाला तेवढाच जादा वेळ लागतो! हे दाखवून देणाऱ्या संशोधनाचे नेतृत्व डॉ. अनिल भारद्वाज यांनी केले. पुढे ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. सूर्याच्या आपल्याला न दिसणाऱ्या बाजूच्या ज्वालाही या ग्रहांकडे पाहून कळू शकतील, ही त्यातून निघालेली कल्पना मला फार मोलाची वाटते.

भारतीय शास्त्रज्ञाचे हे काम मराठी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलेच पाहिजे. सूर्य आणि शनी यांच्या क्ष-किरणांचे त्या दिवसाचे आलेख एकाखाली एक छापून त्यावर पानभर लेख द्यावा, ही आग्रहाची विनंती.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा