सिकलसेलची तपासणी आणि सुईची भीती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात वेळोवेळी येतात, परंतु टेबलापर्यंत येऊन सुई दिसताच मागे फिरणाऱ्या मुलांबद्दल मात्र फारसे लिहिले जात नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले, आणि हा आजार विदर्भात मोठ्या प्रमाणावर असल्यामुळे सुईच्या भीतीकडे मुलांचा हट्ट म्हणून पाहणे आपल्याला परवडणारे नाही. नागपुरातील एका महाविद्यालयात मी अनेक वर्षे मानसशास्त्र शिकवले, त्या अधिकाराने हे लिहीत आहे.

टोचल्यावर दुखणे स्वाभाविक आहे. पण स्पिरिटच्या वासाने किंवा पांढऱ्या कोटाच्या नुसत्या दर्शनाने थरकाप होणे हे शिकलेले असते. जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर या मानसशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पांढऱ्या उंदराला न घाबरणाऱ्या तान्ह्या अल्बर्टपुढे उंदीर आणून त्याच वेळी पोलादी दांड्यावर हातोडा मारला जाई. काही वेळा असे घडल्यावर बाळ नुसत्या उंदरालाच नव्हे, तर सशालाही भिऊ लागले. त्याची ती भीती घालवलीच गेली नाही, आणि असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, हे योग्यच आहे. मात्र भीती अंगावर आलेल्या प्रसंगातूनच शिकली जाते असे नाही. दुसऱ्याला घाबरलेले पाहून आणि नुसते ऐकूनही ती जडते. ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ असे घरोघरी सांगितले जाते, तेव्हा आपण नेमके हेच शिकवत असतो.

यापुढची गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घ्यावी. मूल रडले म्हणून त्याला तपासणी न करता घरी नेले की त्याला तत्काळ हायसे वाटते, आणि ते हायसे वाटणे हेच टाळण्याचे बक्षीस ठरते. मानसशास्त्रज्ञ ओ. एच. मॉवरर यांनी १९४७ मध्ये हीच मांडणी केली होती. पुढच्या वेळी भीती अधिक हट्टी झालेली असते. दुसऱ्या टोकाला, चौघांनी हातपाय दाबून धरून टोचले तर रक्त मिळते खरे, पण जुन्या धास्तीत नव्या अनुभवाची भर पडते.

उपचाराची वाट या दोन्हींच्या मधून जाते, आणि ती जुनी आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला आवडीचे खाणे देत पिंजऱ्यातला ससा थोडा थोडा जवळ आणला. अखेरीस तो सशाला हात लावू लागला. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या ग्रंथात या पद्धतीला शिस्तबद्ध रूप दिले. सुईच्या बाबतीत आधी चित्र, मग सुई नसलेली सिरिंज हातात घेणे, मग दुसऱ्याचे रक्त घेताना पाहणे, अशा पायऱ्या करता येतात, आणि एका पायरीवरची धास्ती ओसरल्याखेरीज पुढच्या पायरीवर जायचे नसते.

एक अपवाद मात्र महत्त्वाचा आहे. बहुतेक भीतींमध्ये रक्तदाब वाढतो. रक्त आणि सुईच्या भीतीत तो आधी वाढून मग एकाएकी खाली येऊ शकतो, म्हणून काहींना भोवळ येते. अशांना ‘अंग सैल सोड’ असे सांगणे उलट अपायकारक ठरू शकते. स्वीडनचे लार्स-योरान ओस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवलेली रीत अशी: हात, पाय आणि धड यांचे स्नायू चेहरा गरम वाटेपर्यंत, म्हणजे १०-१५ सेकंद, ताणून धरावेत, मग मूळ स्थितीत यावे, थोडे थांबावे आणि पुन्हा तेच करावे. रक्त काढायच्या हाताचे स्नायू मात्र टोचतेवेळी सैल ठेवावेत. मोठी मुले हे चटकन शिकतात. लहानग्यांना पालथे-उताणे दाबण्याऐवजी आईच्या मांडीवर बसवणे बरे. सिकलसेलच्या रुग्णाने मात्र ही रीत डॉक्टरांना विचारूनच वापरावी.

नागपुरातील मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. त्यांनी तपासणी शिबिरांवर जाणाऱ्या परिचारिकांना आणि आशा सेविकांना हे एक-दोन दिवसांत शिकवावे, आणि शाळेत शिबिर भरवण्याआधी एक तास मुलांच्या तयारीसाठी राखून ठेवावा, अशी माझी आरोग्य विभागाला आपल्या स्तंभातून विनंती आहे. तूर्त ज्यांच्या घरी अशी भीती आहे, त्यांना टेलि-मानस या शासकीय मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, नागपूर