होल्स्टची सावित्री

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’ने, म्हणजे ग्रहांची नावं दिलेल्या त्या वाद्यवृंदाच्या रचनांनी, तू भारावून गेलास, छान झालं. त्यातला मंगळाचा पाच मात्रांचा ठेका कोणालाही झपाटतोच. पण ‘होल्स्ट म्हणजे एवढंच’ असं जे लिहिलंयस, त्यावर मात्र मी भांडणार आहे.

हा इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट १८७४ साली चेल्टनममध्ये जन्मला. उजव्या हाताच्या नसांच्या दुखण्यामुळे त्याला पियानो सोडावा लागला. मग पोटासाठी ट्रॉम्बोन वाजवला आणि १९०५ पासून मरेपर्यंत लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये मुलींना संगीत शिकवलं. हात इतका दुखायचा, की ‘द प्लॅनेट्स’ची अवाढव्य स्वरलिपी उतरवायला शाळेतल्या सहकारी शिक्षिका मदतीला बसत. रचनेचं खरं काम सुट्टीत आणि रविवारी.

आता मुद्द्याचं. तिशीच्या आत-बाहेर असताना हा माणूस आपल्या पोथ्यांच्या नादी लागला. इंग्रजी भाषांतरं पटेनात, म्हणून चक्क संस्कृत शिकायला गेला. फार मोठा पंडित झाला नाही, पण ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावण्याइतपत मजकूर त्याने स्वतः तयार केला. रामायणावर ‘सीता’ नावाचा भलामोठा ऑपेरा लिहिला, तो स्पर्धेत हरला. पुढे तो स्वतःच त्याला वाग्नरछाप (म्हणजे त्या जर्मन ऑपेराकाराच्या थाटाचा) आरडाओरडा म्हणायचा. मेघदूतावरची रचना १९१३ साली लंडनमध्ये सादर झाली आणि पडली.

या दोन्हींच्या मधे, १९०८ च्या सुमारास, त्याने ‘सावित्री’ लिहिली. जेमतेम अर्ध्या तासाचा ऑपेरा. गाणारे तिघंच: सावित्री, सत्यवान आणि मृत्यू. वादक डझनभर, आणि पडद्याआडून शब्दांशिवाय गाणारा बायकांचा कोरस. सुरुवातीला एकही वाद्य नाही. बाहेरून मृत्यूचा आवाज येतो, तिला नावाने हाक मारतो. मग तिचा आवाज त्यात मिसळतो, पण त्याच्या सुराला धरून नाही, स्वतःच्याच सुरात. दोघं एकमेकांना ऐकतायत आणि तरी वेगवेगळ्या घरात उभी आहेत, असं वाटतं. सत्यवान इथे लाकूडतोड्या आहे. कामावरून गात गात येतो आणि थोड्याच वेळात हातातली कुऱ्हाड गळून पडते.

शंभर पुत्रांचा वर वगैरे इथे नाही. ही सावित्री मृत्यूकडे फक्त जीवन मागते, आणि तो ‘दिलं’ म्हणाल्यावर नवऱ्यावाचून कसलं जीवन, म्हणून त्यालाच पेचात पकडते. वटपौर्णिमेला ही कथा आपण इतक्यांदा ऐकलेली, तरी तिथे माझे कान टवकारले. (आईला ऐकवली. तिने एवढंच विचारलं, “वड कुठाय?”)

१९१६ साली ‘सावित्री’चा पहिला प्रयोग झाला आणि १९१८ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये वाद्यवृंद-संचालक एड्रियन बोल्टने ‘द प्लॅनेट्स’ सादर केलं. त्यानंतर लोकांना दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. होल्स्ट मात्र त्या कीर्तीने वैतागला. स्वतःची उत्तम कृती म्हणून तो १९२७ च्या ‘एग्डन हीथ’ या वाद्यवृंदाच्या रचनेचं नाव घ्यायचा. ती मला अजून रुक्षच वाटते. त्याच्याशी माझं जमत नाही ते एवढ्यापुरतंच.

‘द प्लॅनेट्स’मधला शेवटचा भाग, नेपच्यून, पुन्हा ऐकशील तेव्हा शेवटचा कोरस नीट ऐक. त्या बायका शेजारच्या खोलीत गातात आणि दार हळूहळू लावून घेतलं जातं. पडद्याआडचा हा आवाज त्याने ‘सावित्री’त आधीच वापरून पाहिला होता.

‘सावित्री’चं, गायिका जेनेट बेकरने गायलेलं जुनं रेकॉर्डिंग मिळालं तर तेच घे. रात्री ऐक, हेडफोन लावून. आणि मग भांडायला फोन कर.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनय