गाडी किती चालली, तसेच किती उभी होती तेही सांगा

महोदय,

‘फक्त १९,००० किलोमीटर, सिंगल ओनर’ एवढ्यावर भुलून आम्ही फेब्रुवारीत २०१५ सालची गाडी घेतली. नेरूळच्या एका सोसायटीत ती तीन वर्षे जागची हललेली नव्हती, हे विकणाऱ्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पंधरा दिवसांत पाम बीच रोडवर मागचा टायर फुटला. शेजारी माझी आई बसली होती. वेग कमी होता म्हणून निभावले.

टायरची नक्षी तर अगदी कोरी होती! सानपाड्याच्या आमच्या मेकॅनिकने उरलेल्या टायरवर खडू घासून आकडा दाखवला: ३२१५. म्हणजे २०१५ च्या ३२व्या आठवड्यात बनलेला. बोटाने दाबले की बाजूच्या रबरातल्या केसाएवढ्या भेगा उघडत होत्या. स्टेपनीही त्याच वयाची. ब्रेक ऑइल उकळलेल्या चहासारखे काळपट झाले होते. ते हवेतले पाणी शोषते, म्हणून गाडी चालो न चालो, साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. हँडब्रेक ओढून ठेवल्याने मागच्या ब्रेकचे लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, चाकातल्या ड्रमला चिकटत होते. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचे घरटे निघाले, शेंगांच्या टरफलांसकट. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत तीन पावसाळे काढलेल्या गाडीचे आणखी काय होणार?

आरटीओत गाडी नावावर करताना कागद पाहिले, पीयूसीत धूर पाहिला. ब्रेक-टायर कोणी पाहिले नाहीत. खासगी गाडीची फिटनेस तपासणी होते ती थेट १५ वर्षांनी. म्हणून पैसे देण्याआधी गाडी आपल्या मेकॅनिककडे नेऊन वर उचलून बघा, सर्व्हिसिंगची शेवटची तारीख मागा. आम्ही हे केले नाही, याची मला आजही टोचणी आहे. आणि विकणाऱ्यांनी किलोमीटरसोबत गाडी किती महिने उभी होती तेही जाहिरातीत लिहावे, अशी कळकळीची विनंती.

आमच्या इमारतीखाली आजही चार गाड्या कव्हर घालून उभ्या आहेत. मुले परदेशात, आईवडील चालवत नाहीत. वॉचमन रविवारी पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करतो. तेवढ्याने बॅटरी भरत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास कुणीतरी ती रस्त्यावर फिरवून आणावी. उभी करताना हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना विटा लावाव्यात.

– एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई