ताई, त्या कडीबद्दल

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस वडोदऱ्यात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा तिथल्या अकोटा भागातलं आमचं तळमजल्याचं घर ओट्यापर्यंत बुडालं होतं. आम्ही जवळच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर. माणसं १४०, संडास चार. पुरी-भाजीची पाकिटं इतकी यायची की संध्याकाळपर्यंत आंबून जायची. बायका मात्र पाणीच पीत नव्हत्या, मीसुद्धा. रात्री जायचं म्हणजे अंधार, ओला जिना आणि दाराला आतून कडी नाही. (मगरीची धास्ती वेगळीच. खाली एक आल्याचं जो तो सांगे, प्रत्यक्ष पाहिलेला कोणी भेटला नाही.)

तुम्ही मदतीला आलात, खाली बसलात आणि हळूच विचारलंत, "रात्री कुठे जाता?"

माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं.

मग हिशेब मांडलात. वीस माणसांना एक संडास, म्हणजे सात हवेत. ते जमेना, तेव्हा चारातले तीन बायकांना दिलेत. माझे दीर कुरकुरले, तर म्हणालात, "भाऊ, हे प्रमाण मी ठरवलेलं नाही, जगभरच्या छावण्यांत हेच धरतात." माणशी १५ लिटर पाणी, म्हणजे रोज २१०० लिटर! टँकरवाल्याशी गुजरातीत काय भांडलात! पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, कोणी मागायच्या आत उशाशी ठेवलेत. संध्याकाळी कडी बसली, दिवा लागला. त्या रात्री मी तांब्याभर पाणी प्यायले.

हे शिकलात कुठे, ते चहा घेताना कळलं. दक्षिण सुदानमधलं बेंतिऊ. डिसेंबर २०१३ मध्ये तिथे यादवी पेटली. जीव घेऊन पळालेली लाखावर माणसं युनोच्या तळापाशी राहिली, आणि २०२१ मध्ये पूर आला तो छावणीला वेढूनच बसला. मातीचे बांध घालून पाणी बाहेर थोपवायचं. आमचं पाणी चार दिवसांत ओसरलं, तिथलं वर्षानुवर्षं ओसरत नाही. शेतं, गुरं, सगळं त्याखाली. गावी परतायचं तर बंदुकीची भीती, राहायचं तर बांध फुटायची. तुम्ही हे सांगत होतात आणि मी मनातल्या मनात माझ्या भिजलेल्या गाद्या मोजत होते. कबूल करते.

तुम्हाला नीट निरोपही देता आला नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात नातीला सोडायला त्याच शाळेत गेले होते. मुद्दाम वर जाऊन पाहिलं. कडी आहे अजून, जरा गंजलीय. तेल घालून आले.

तुमची,
वरच्या मजल्यावरची वहिनी