मोजा काढून गाडीत बसलेल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमच्या शर्टावर नाव शिवलेलं होतं आणि ते मला पाठ आहे. तरी इथे लिहीत नाही. 'एवढी जुनी तक्रार आणि बिल एवढंसं कसं?' असं तुम्हाला वरून कुणी विचारायला नको. एलबीएस मार्गावरच्या तुमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ऐन जुलैत पांढरी हॅचबॅक घेऊन आलेली आणि आल्या आल्या तावातावाने बोलायला लागलेली बाई आठवत असेल, तर ती मी.

तावातावाने का, तर तुमच्याआधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडे माझे खेटे घालून झाले होते. तक्रार एकच. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे, जिथे पाय ठेवतात तिथे, ओल येते आणि कुबट वास मारतो. त्या सीटवर माझ्या सासूबाई बसतात. गुडघ्यांच्या व्यायामाला नेलं की घरी येईपर्यंत त्यांचे पायमोजे चिंब. हे ऐकून तिथल्या ॲडव्हायझरचं म्हणणं, "मॅडम, पावसाळ्यात वास येतोच." मग, "ओली छत्री ठेवता का आत?" आणि मग, "सर नाही आले?" सर घरी कुकर लावत होते, पण ते असो.

दर वेळी गाडी धुऊन, सुगंधी फवारा मारून परत मिळायची. तो सुगंध माटुंगा येईपर्यंत टिकायचा. मी न मागितलेलं मात्र सगळं सुचवून झालं होतं: अंडरबॉडी कोटिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन फ्लशिंग. आणि पाण्याचं काय, तर "एसीची कूलिंग कॉइल बदलावी लागेल" म्हणून पाच आकडी एस्टिमेट. मॅट उचलून खाली बघायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. वर निघताना लाडिक विनंती, "कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहाच सांगा हं. नऊ म्हणजे आम्ही नापास."

त्यामुळे तुमच्यासमोर मी भांडायच्या तयारीनेच उभी होते. तुम्ही भांडायला वावच दिला नाहीत. जॉबकार्ड वाचलंत आणि विचारलंत, "बाहेर ऊन असताना एसी लावला, तर पाणी येतं?" नाही, म्हटलं. "गाडी उभी कुठं असते?" हिंदू कॉलनीत, सोनमोहराखाली. त्यावर तुम्ही नुसतं "हां" म्हणालात.

मग डावं दार उघडून आत बसलात. बूट काढलात, मोजा काढून खिशात घातलात, रबरी मॅट बाजूला सारली आणि उघडा पाय कार्पेटवर दाबलात. कार्पेटमधून पाणी वर आलं, चांगलं बोटांच्या फटीत. तुमच्याबरोबर आलेल्या पोरसवद्या ॲडव्हायझरला तुम्ही म्हणालात, "ओलं आहे की. ताई बरोबर सांगतायत."

काका, खरं सांगते, गाडी तिथे तशीच सोडून घरी गेले असते तरी मला चाललं असतं. इतके आठवडे मी माझ्याच गाडीतलं पाणी लोकांना पटवत होते. हाताने दाबूनही कळलं असतं, मग पाय कशाला, असं मी तुम्हाला नंतर विचारलं. तुम्ही म्हणालात, "आजींच्या पायाला लागतं म्हणालात ना." एवढंच बोलून मोजा चढवलात आणि वायपर खोलायला घेतलेत.

पुढचं काम तुमच्या दृष्टीने किरकोळ होतं. काचेखालची ती काळी प्लॅस्टिकची जाळी, तुम्ही तिला काउल म्हणालात, उचलल्यावर आत सोनमोहराच्या पाकळ्या आणि बारीक पानं कुजून चहाच्या चोथ्यासारखी बसली होती. पाणी खाली जायची भोकं बुजलेली. मग ते तुंबून ब्लोअरच्या हवेच्या वाटेने आत उतरत होतं. मुंबईत एका पावसाळ्यात 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यातला आमच्या काचेच्या वाट्याचा मुकाट सासूबाईंच्या पायाशी येत होता. भोकं मोकळी केल्यावर तुम्ही मला आत बसवून काचेवर पाइपाने पाणी सोडलंत. आत थेंब नाही. कॉइल ठणठणीत. बिलात कार्पेट उचलून सुकवण्याचे आणि धुलाईचे पैसे, बाकी काही नाही.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतलं, बिस्किटं वाटली. त्याचं कौतुक आपण अजून करतो आणि करावंच. पण मला वाटतं, तशा दिवशी चांगलं वागायला सगळं शहरच हात देत असतं. दुपारचे तीन वाजलेत, डबा नुकता खाऊन झालाय, मागे गाड्यांची रांग आहे, महिन्याचं टार्गेट डोक्यावर आहे आणि कॉइल बदला म्हटलं तर समोरची बाई मुकाट पैसे भरणार आहे. अशा वेळी "काही बदलायला नको" म्हणणारा माणूस मला जास्त मोठा वाटतो. त्याच्या बातम्या होत नाहीत. असे लोक बँकेत, रेशनच्या दुकानात, रुग्णालयाच्या खिडकीवर बसलेले असतात आणि त्यांच्या भरवशावर आपली कामं होतात.

त्या पोरसवद्या मुलाला तेवढं शिकवा, काका. तुम्ही पाय टेकवलात तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले होते, म्हणजे आशा आहे.

जूनच्या आधी जाळी साफ करायची हे तुम्ही सांगितलेलं आमच्या कालनिर्णयवर मेच्या पानावर लिहून ठेवलंय. सासूबाईंनी स्वतः लिहिलंय, त्यामुळे विसरायची सोय नाही.

आणि कंपनीचा फोन आला होता. तुम्ही काही सांगितलं नव्हतंत, तरी दहापैकी दहा दिले. 'आणखी काही सांगायचं असल्यास एक दाबा', मी एक दाबला, तर "धन्यवाद" म्हणून फोन बंद. मला बरंच सांगायचं होतं, म्हणून मग हे पत्र.

आपली,
सोनमोहराखालच्या पांढऱ्या गाडीवाली
हिंदू कॉलनी, दादर