शनिवारी सर्व्हर बंद : फाईलींच्या नोंदीची सेवा बसवत आहोत

रामराम मंडळी,

येत्या शनिवारी सायंकाळी ६ ते ८ आपल्या केळी उत्पादक गटाचा सर्व्हर बंद राहील. रावेर, यावल, चोपडा या तिन्ही केंद्रांनी भरलेल्या गाड्यांच्या नोंदी ५ च्या आत चढवाव्यात.

लिनक्सवरची 'ऑडिटडी' सेवा बसवत आहोत. भावपत्रक आणि वजनाच्या फोल्डरमधली फाईल कोणी, कधी बदलली किंवा पुसली, हे त्यातून कळेल. शेतकऱ्याच्या काटापावतीतला आकडा फिरला, तर कोणी फिरवला हे त्याला सांगता आलंच पाहिजे. फाईलीतला जुना मजकूर मात्र ही सेवा साठवत नाही, त्यामुळे बॅकअप रोजच्यासारखाच घ्यायचा.

– सामाईक लॉगिन शनिवारपासून बंद. मधे 'सुडो' (मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने काम करण्याची आज्ञा) वापरलं तरी नोंदीत मूळ लॉगिनच दिसतं, म्हणून आपला पासवर्ड शेजारच्या टेबलालाही देऊ नका.
– साधारणपणे मूळ सेटिंगमध्ये या नोंदींच्या, म्हणजे लॉगच्या, ८ एमबीच्या ५ फाईली भरल्या की सर्वांत जुनी पुसली जाते. हंगामात एवढ्याने भागणार नाही, मर्यादा वाढवतोय.
– लॉग फक्त सचिव आणि संगणक विभाग पाहील.

नवीन लॉगिन शुक्रवारी सावदा कार्यालयात मिळेल. स्वतः येऊन घ्या, फोनवर दिलं जाणार नाही.

– संगणक विभाग